सरळ रेषेत तेराशे मीटर

संशयी : हातात मावणारं जीपीएस यंत्र चालणाऱ्याला शेवटी दोनच गोष्टी सांगतं. ठरवलेलं ठिकाण उत्तरेपासून किती अंशांवर आहे, आणि सरळ रेषेत किती लांब आहे. समजा पडद्यावर ७४ अंश आणि तेराशे मीटर असं उमटलं. दोन्ही आकडे खरे आहेत असं धरूनच मी बोलतोय. सह्याद्रीत त्यांचा उपयोग काय, एवढंच विचारतो. बेलपाड्यात उभं राहून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे बाण लावा. हवाई अंतर बोटांवर मोजता येईल इतक्या किलोमीटरांचं निघेल. त्या रेषेवर पुढे रान आहे, ओढा आहे, धोंड्यांचा उतार आहे, आणि मग डोक्यावर झुकलेली, आत वळलेली कातळभिंत. नळीच्या वाटेनं तोच माथा गाठायचा तर हजारेक मीटरचा चढ, अख्खा दिवस आणि काही ठिकाणी दोर. साधले घाटानं फिरून गेलात तर बराच वेळ बाण कुशीला नाहीतर पाठीला. म्हणजे या मुलखात बाण जी रेषा दाखवतो तिच्यावरून आजवर ना गुरं गेली, ना गुराखी, ना घाट चढणारे बैलांचे तांडे. जिथून कुणी जात नाही ती रेषा सांगून काय मिळवायचं?

यंत्रप्रेमी : रेषेवरून चाल, असं तुला सांगितलं कुणी? यंत्र म्हणतं, ठिकाण तिकडे आहे, इतकं लांब आहे. जायचं कसं ते तुझं तू बघ. मला ते आवडतं ते याचसाठी. मोबाइल घेऊन चालणारी मुलं पाहा. कुणीतरी आधी चालून ठेवलेला ट्रॅक उतरवून घ्यायचा, आणि आपला निळा ठिपका रंगीत रेघेवरून घसरला की दोन पावलं डावीकडे सरकायचं. मान खाली ती खालीच. नुसता कोन आणि अंतर घेऊन निघालेल्याला मान वर करावीच लागते, कारण पडद्यावर बघण्यासारखं काही नसतंच. समोर डोंगराची सोंड आली, बाण तिच्या पोटात घुसतोय. आता वळसा डावीकडून की उजवीकडून? मी डावीकडून निघतो. अंतर कमी व्हायचं थांबतं, मग वाढू लागतं, आणि बाण उजव्या खांद्याकडे सरकतो. तो किती झपाट्यानं सरकतोय त्यावरून ठिकाण कितपत जवळ आलं ते कळतं. हजार मीटरवरची खूण कुशीला ठेवून आडवं शंभर मीटर चाललास तर कोन सहा अंशांच्या आत बदलतो. तीच खूण दोनशे मीटरवर असेल तर सव्वीस-सत्तावीस अंशांनी बदलतो. हे अंगात मुरलं की दोन आकड्यांच्या हालचालीवरून सोंड केवढी, घळ किती आत गेली, हे उमगायला लागतं. यात यंत्राची गुलामगिरी कुठे आहे? उलट, माणसाला इतकं कमी सांगून गप्प बसणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

आणि तुझं उदाहरण तू सोयीचं घेतलंस. कोकणकडा उघड्या हवेत डोळ्यांना दिसतोच; तिथे बाण कशाला हवा? श्रावणातलं घाटमाथ्याचं पठार घे. ढग जमिनीला टेकलेले, दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही, गवत सगळीकडे सारखं, पाण्याचे ओहोळ सगळीकडे सारखे. उतरायची वाट कड्याच्या धारेवरच्या एका अरुंद खाचेतून निघते. ती खाच कुठल्या अंगाला आहे, हे तिथे कोण सांगणार?

संशयी : तिथेच तर मला जास्त भीती वाटते. यंत्र म्हणतं खाच ९० मीटरवर आहे, अचूकता तीन मीटर. वाचणारा समजतो, आपण तीन मीटरच्या वर्तुळात उभे आहोत ही हमीच मिळाली. पण तो यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो. कड्याच्या पायथ्याशी किंवा खोल घळीत आकाशाची चिंचोळी पट्टी उरते, थोडे उपग्रह दिसतात आणि त्यांच्यातल्या काहींचा संदेश कातळावर आपटून उशिरानं पोचतो. अशा वेळी जागा पन्नास-साठ मीटरनं सरकू शकते आणि यंत्र तरीही चेहरा गंभीर ठेवून आकडा दाखवत राहतं. बरं, साध्या यंत्रात वेगळं होकायंत्र नसलं, तर तुम्ही चालत असेपर्यंतच त्याला तुमचं तोंड कुठे आहे ते कळतं. मागची जागा आणि आताची जागा जोडून ते दिशा काढतं. धुक्यात माणूस काय करतो? थांबतो, घाबरतो, जागच्या जागी वळतो. नेमका तेव्हा बाण भिरभिरतो.

यात माणसाच्या चुका मिळवा. १९ अंश २३.५० मिनिटं, आणि १९ अंश २३ मिनिटं ५० सेकंद. फोनवर ऐकताना दोन्ही सारखंच ऐकू येतं. उत्तर-दक्षिण फरक पडतो वीस सेकंदांचा, म्हणजे सहाशे मीटरच्या वर. किंवा जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरून ठिकाण वाचून यंत्रात घातलंत आणि आधारपृष्ठ बदलायला विसरलात. ते नकाशे सर्वेक्षक एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या मापांवर बेतलेले, यंत्र डब्ल्यूजीएस-८४ वर. सह्याद्रीत एवढ्यानं शंभरेक मीटरचा फरक येतो. शेतात शंभर मीटर म्हणजे पुढचा बांध. कड्याच्या धारेवर शंभर मीटर म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

पण याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. होकायंत्र घेऊन पावलं मोजत जाणाऱ्याच्या मनात शंका चालीबरोबर वाढते. एका अंशाची चूक किलोमीटरला साडेसतरा मीटर, पाच अंशांची सत्त्याऐंशी. त्याला ठाऊक असतं की अर्ध्या तासापूर्वी आपण जेवढे खात्रीत होतो तेवढे आता नाही. म्हणून तो ओढा लागला की थांबतो, ओढ्याचं पाणी कुठे वाहतंय बघतो, एखादी टेकाडी ओळखीची वाटते का बघतो. काही जाणते तर मुद्दाम ठिकाणाच्या एका बाजूला नेम धरतात, म्हणजे ओढा गाठल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे हा प्रश्नच उरत नाही. यंत्रवाल्याची शंका वाढतच नाही. दुसऱ्या किलोमीटरलाही तीन मीटर, दहाव्यालाही तीनच. म्हणून तो धारेपर्यंत न थांबता जातो.

यंत्रप्रेमी : तू सांगतोस ते सगळं घडतं. पण शंकेला तू एवढं डोक्यावर घेऊ नकोस. होकायंत्रही साधू नाही. आपला सगळा मुलूख बसाल्टचा, आणि त्या खडकात थिजलेलं चुंबकत्व इतकं आहे की त्यावरून भारताची भूमी पूर्वी दक्षिणेला कुठे होती ते शास्त्रज्ञांनी काढलं. कातळाला टेकवून किंवा लोखंडी रेलिंगजवळ काटा वाचलास तर तो ढळू शकतो, आणि ढळलेला काटा आपली अचूकता किती मीटर आहे हे मुळीच सांगत नाही. आपलं नशीब एवढंच की महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक. न्यूझीलंडमध्ये तो वीसच्या पुढे जातो.

गंमत म्हणजे, तुझ्या मनासारखं यंत्र एके काळी होतं. २ मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत होतं. शंभर मीटर इकडेतिकडे व्हायचंच. तेव्हाचे वापरणारे यंत्राकडे अविश्वासू शेजाऱ्याकडे बघावं तसे बघत. नकाशा काढत, काटा बघत, मग पाऊल टाकत. क्लिंटन यांच्या काळात ती भेसळ बंद झाली, यंत्र खरं बोलायला लागलं, आणि आपण आळशी झालो. पण म्हणून भेसळ परत सुरू करा असं तू म्हणणार नाहीस ना?

आता जमीन सोड आणि समुद्रावर ये. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार. सगळ्यात उथळ जागी वीसेक मीटर पाणी. वरून बघशील तर इतर समुद्रासारखाच समुद्र. शंभर मीटर उंचीचा डोंगर होडीतून, हवा स्वच्छ असली तर, फार तर चाळीसेक किलोमीटरपर्यंत दिसेल. त्यापुढे किनारा संपला. तिथे कोन आणि अंतर यापलीकडे सांगण्यासारखं असतंच काय? वळसा घालायला सोंड नाही, घळ नाही. सरळ रेषा हीच वाट. एक अंश चुकलास तर एवढ्या अंतरावर जवळजवळ दोन किलोमीटर चुकलास. पठार कित्येक किलोमीटर पसरलेलं, म्हणून ते सापडेल. पाण्याखालचा एकटा खडक सापडणार नाही. आणि पाणी जागेवर बसत नाही. प्रवाह होडीला कुशीनं ढकलतो. नाळ काट्यावर धरून बसलेल्याला ते कळतच नाही. नुसता बाण बघत राहिलास तर बाण दर क्षणी नव्या जागेवरून ठिकाणाकडे वळतो, आणि तू मोठा बाक घेत, प्रवाहाशी भांडत पोचतोस. पण त्याच यंत्रात तिसरा आकडा आहे, मूळ रेषेपासून किती सरकलास त्याचा. तो शून्याजवळ ठेव; नाळ प्रवाहाच्या अंगाला तिरकी राहील आणि होडी रेषेवर. ही विद्या यंत्रानं मारली नाही. जिथे ती होतीच अंदाजाची, तिथे तिला मोजमाप दिलं.

संशयी : समुद्र तुमचा. उघड्या पाण्यात मी हरलो असं समजा, वाद घालत नाही. पण किनारा दिसतो त्या पट्ट्यात काय होतं ते बघू. जाणत्या तांडेलाच्या डोक्यात जागा असायची ती दोन ओळींची. अमुक देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खांद्यावर आला की एक ओळ, दीपगृह आणि पलीकडची खिंड एकात एक आली की दुसरी. दोन्ही जिथे छेदतात तिथे जाळं. वर पाणी किती वाव आहे आणि दोरीच्या टोकाला चिकटून चिखल येतो की वाळू, ही पडताळणी.

यंत्रप्रेमी : मग तेही कोनच की! दोन वस्तू एका रेषेत आणणं म्हणजे काट्याशिवाय घेतलेलं बेअरिंग, आणि हातातल्या होकायंत्रापेक्षा अचूक. तांडेल भूमितीच करत होता.

संशयी : करत होता, पण ती भूमिती किनाऱ्याला बांधलेली होती. ती वापरायची तर किनारा पाहावा लागे, आणि पाहता पाहता वारं बदललं, ढग कुठून चढले, शेजारची होडी का परतली, हेही दिसे. ती शिकवायची तर मुलाला वर्षानुवर्षं शेजारी बसवावं लागे. आकड्याला हे काही लागत नाही. आठ-दहा अंक चिठ्ठीवर लिहिले की जागा हस्तांतरित झाली. बंदरावर एकाचं यंत्र दुसऱ्याच्या हातात दोन मिनिटं गेलं तरी जागा गेली. मग त्या खडकावर चार होड्यांच्या जागी चाळीस येऊ शकतात. घाटातही तेच. पायथ्याच्या पाड्यात एक माणूस असतो, त्याला वाट ठाऊक असते. त्याच्या घरी चहा होतो, दिवसाची मजुरी ठरते, आणि तो बरोबर येतो. तो पुढे चालताना सांगतो की पदरातलं पाणी यंदा फेब्रुवारीतच आटलंय, या नाळेत परवा दरड आली, त्या झाडाखाली आग्यामोहोळ आहे. यातलं काहीही अक्षांश-रेखांशात मावत नाही. तुमचा बाण घेऊन येणारी टोळी त्याच्या अंगणावरून निघून जाते.

यंत्रप्रेमी : त्या माणसाबद्दल मलाही आदर आहे, पण त्याला तू देव्हाऱ्यात बसवतोयस. त्याचा मुलगा शहरात रिक्षा चालवतो, त्याला ती नाळ चढायची नाही, आणि त्यानं चढावी असं आपण कोण सांगणार? खाली बाजाराला जायला एस.टी. आली तेव्हाच कितीतरी घाटवाटा मोडल्या. वापर थांबला की चार पावसाळ्यांत कारवी डोक्याच्या वर जाते आणि वाटेचं तोंड बुजतं. वाट पुढे शाबूत असते, कोरलेल्या पायऱ्यासुद्धा असतात, पण कुठल्या झुडपाआडून आत शिरायचं ते सांगणारा उरत नाही. मी असा एक बिंदू नोंदवून ठेवला, तर त्या म्हाताऱ्याला ठाऊक असलेली एक गोष्ट तरी उरते. आणि तांडेलाचं गुपित म्हणजे काही सगळ्यांचं भलं नव्हतं. ते घराण्याचं भांडवल होतं. ज्याचा बाप लवकर गेला, ज्याला कुणी शेजारी बसवलं नाही, त्यानं उथळ पाण्यात उरलंसुरलं धरायचं. त्याच्या हातात आठ अंक आले तर तुला वाईट का वाटावं?

संशयी : वाईट वाटायला नको, हे मान्य. मासा संपला तर दोघंही उपाशी, एवढं म्हणून तो विषय सोडतो. पण वाटेच्या तोंडाचा मुद्दा मला पटला, आणि त्यावरूनच नेमकं विचारतो. आपली मुलं यंत्रात काय भरतात? गडाचा माथा, देऊळ, गुहा. जिथे पोचायचं ते. खरं तर ते सापडायला यंत्र लागत नाही. भरायला हवेत ते बिंदू जिथे चुकता येतं. वाटेचं तोंड, दोन नाळांपैकी बरोबर नाळेचा पायथा, पठारावरून धार जिथे सुटते ती खाच, आणि जिथून पुढे जायचंच नाही ती जागा. शेवटचा बिंदू भरलेला मी कुणाच्याच यंत्रात पाहिला नाही. असे जवळजवळचे बिंदू भरले तर दोन बिंदूंमधली सरळ रेषा खरंच चालण्याजोगी होईल. पण हे बिंदू निवडणार कोण? ज्यानं ती जमीन पायाखाली घातली आहे तोच. आणि त्याला यंत्राची गरज सगळ्यात कमी. ज्याला गरज आहे त्याला बिंदू निवडता येत नाहीत. तुमच्या सगळ्या युक्तिवादात ही फट आहे.

यंत्रप्रेमी : फट आहे, पण तू म्हणतोस तेवढी रुंद नाही. मधे नकाशा आहे. घरी बसून समोच्च रेषा वाचायच्या. सोंड कुठे सुटते, खिंड कुठे बसली आहे, पठार कुठल्या अंगाला तुटतं, हे पन्नास हजारांत एक प्रमाणाच्या नकाशावर दिसतं. प्रवासाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा कोन आणि अंतर कागदावर लिहून घ्यायचं, यंत्रातल्याशी ताडून बघायचं. जाताना दिसणारी प्रत्येक निर्णयाची जागा चालता चालता नोंदवायची, म्हणजे परतताना तरी बिंदू स्वतःचे असतात. बॅटरी संपली तरी कागद आहे, काटा आहे. परतीचा कोन काढायला १८० मिळवायचे किंवा वजा करायचे, एवढंच.

संशयी : त्या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचं अंतर असतं. पंधरा मीटरचा सरळसोट कातळटप्पा दोन रेषांच्या मधोमध बसला तर नकाशाला तो ठाऊकच नसतो. पंधरा मीटर म्हणजे चार-पाच मजले. वरून खाली उतरणाऱ्याला तो टप्पा अगदी ओठावर आल्याशिवाय दिसत नाही, आणि तोवर मागे फिरायचा चढ अंगावर आलेला असतो. मग तो बाणाकडे बघतो. बाण म्हणतो, खालीच, एकशे दहा मीटर.

यंत्रप्रेमी : तिथे यंत्र हरतं. मी नाही म्हणत नाही. तिथे नकाशाही हरतो, आणि पहिल्यांदाच येणारा असेल तर डोळाही हरतो. पण मग तुला एक विचारतो. रात्री उशिरा शोधकार्याला जाणाऱ्या मंडळींचा फोन वाजतो. दोन मुलं कुठल्यातरी कड्याच्या पदरात अडकली आहेत. गावातला जाणता माणूस आजारी आहे किंवा लग्नाला गेलाय. मुलांच्या फोनमध्ये थोडा जीव उरलाय. तू त्यांच्याकडून काय मागशील? आजूबाजूला झाडं कुठली आहेत ते?

संशयी : आकडे मागेन. पण त्या आकड्यांचं सोनं होतं ते ऐकणाऱ्यामुळे. शोधायला जाणाऱ्याला माहीत असतं की या जागेला खालून जाता येत नाही, वरून दोर सोडावा लागेल, आणि त्यासाठी गाडी पलीकडच्या गावाला न्यायची. त्याला कोन आणि अंतर पुरतं, कारण उरलेलं सगळं त्याच्याजवळ आहे. त्या दोन मुलांजवळ तेच आकडे दिवसभर होते.

यंत्रप्रेमी : तुला कसं ठाऊक? कदाचित यंत्र नव्हतं म्हणूनच ती चुकीच्या नाळेत उतरली. असतं तर दुपारीच त्यांना दिसलं असतं की बाण पाठीमागे गेलाय आणि अंतर वाढतंय.

संशयी : किंवा यंत्र होतं म्हणूनच ती वाटाड्या न घेता निघाली.

यंत्रप्रेमी : हेही होऊ शकतं. दोन्ही होतं, वेगवेगळ्या माणसांच्या हातून. कुठल्याला काय द्यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ओळखीच्या पोरानं विचारलं तर मी माझे बिंदू देतो. अनोळखी टोळीनं मागितले तर वाटेचं तोंड देतो, पण खाचेचा बिंदू देताना हात अडखळतो. आणि न दिल्यानं कुणी धारेवरून गेलं तर, असंही वाटतं.

संशयी : मी असतो तर तोंडाचाही दिला नसता. पाड्यातल्या माणसाचं नाव दिलं असतं.

यंत्रप्रेमी : आणि तो लग्नाला गेला असता तर?

संशयी : तर त्यांनी त्या दिवशी खालचं देऊळ बघून परत जावं.

यंत्रप्रेमी : जात नाहीत रे. तू विशीत गेला असतास का? ते जाऊ दे. पदरातल्या त्या मुलांच्या फोनची बॅटरी संपत आलीय असं आपण धरलंय. आकडे सांगतील तेव्हा पहिलं काय विचारशील?

संशयी : मिनिटांच्या पुढे टिंब आहे की सेकंद.